उकळत्या पाण्याची सोय

दुधाच्या बाटलीत दूध लपून बसायच्या जागा फार. निपलच्या टोकाचं भोक, निपल जिथे रिंगेत अडकतं ती खाच, रिंगेच्या आतले आटे, बाटलीच्या मानेवरचे आटे, आणि बाळाच्या पोटात हवा जाऊ नये म्हणून हल्ली जी नळी किंवा झडप बसवतात ती. उजेडात धरली तर बाटली लख्ख दिसते. आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. ती दुधातली चरबी आणि प्रथिनं. हा थर राहिला तर वरून कितीही उकळलं तरी जंतूंना त्याच्या आड आसरा मिळतो. म्हणून आधी सुटा सुटा भाग करून ब्रशने घासायचं, मग उकळायचं. हा क्रम मी नोकरीत असताना किती नव्या आयांना सांगितला असेल.

घरात हे सहज होतं. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे, खोल पातेलं आहे, सांडशी आहे. भातसा-वैतरणा-तानशाचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन नळाला येतं. पातेल्यात सगळे भाग बुडवायचे, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, पाण्याला खळखळून उकळी आली की निदान पाच मिनिटं ठेवायचं, धुतलेल्या हातांनी काढायचं आणि स्वच्छ कापडावर आपोआप वाळू द्यायचं. फडक्याने पुसायचं नाही, कारण त्या फडक्याने आधी काय पुसलंय ते कुणालाच माहीत नसतं. इतकं सोपं. पण या सोपेपणाच्या मुळाशी चूल, इंधन आणि पाणी आहे, आणि घर सोडलं की तिन्ही एकदम सुटतात.

माझ्या व्याह्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून जावयाने सगळ्यांची मुंबई-गोवा बोटीची तिकिटं काढली. लेक घाटकोपरला राहते. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीमुळे तिला २६ आठवड्यांची रजा मिळाली, ती संपली, ऑफिस सुरू झालं आणि घरात बाटली आली. रजा जिथे संपते तिथे बाटली सुरू होते, हे मी आमच्या इमारतीतल्या कितीतरी घरांत पाहिलं आहे. अंधेरी-सीप्झला जाणारी मुलगी सकाळी दूध काढून ठेवते, दुपारी ते पाळणाघरातली बाई बाटलीने पाजते, आणि कमी पडलं तर पावडरचं. नात तेव्हा सात महिन्यांची होती. निघायच्या आधी लेकीचा फोन आला, “आई, बोटीवर किटली चालत नाही म्हणे. स्टरिलायझरसुद्धा नाही. मग बाटल्या उकळायच्या कशात?”

नियम बरोबर आहे. समुद्रात जहाजाला आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं. हजारभर माणसं, बंद खोल्या आणि पळायला जागा नाही, म्हणून इस्त्री, किटली, हीटर, तापणारी कुठलीही वस्तू बहुतेक प्रवासी जहाजांवर सामानातूनच काढून घेतात. बाळाच्या भांड्यांसाठी आधी विचारून परवानगी देणारी जहाजं आहेत, पण गृहीत धरता येत नाही. लेकीचा प्रश्न त्यामुळे खरा होता, आणि तो माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला, कारण त्याच प्रश्नात माझी निम्मी नोकरी गेली आहे.

मी महापालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. जून लागला, पहिले दोन-चार पाऊस पडले की खाटा भरायला लागायच्या. जुलाब, उलट्या, टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी लवकर खाली न बसणारी बाळं. आईला विचारायचं, काय पाजतेस? बाटलीने, वरचं दूध. बाटली कुठाय? ती पिशवीतून निघायची, निपलभोवती पिवळट कडं धरलेलं. या बाया भांडुपच्या टेकडीवरून, विक्रोळीच्या पार्कसाइटहून, घाटकोपरच्या असल्फ्याहून यायच्या. पाणी दिवसातून थोडा वेळ, तेही खालून चढवून आणायचं. चूल रॉकेलची, आणि रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं. दिवसातून पाच-सहा वेळा बाटली उकळायची तर संध्याकाळच्या भाताला रॉकेल उरणार नाही. पावडरचा डबा महाग, म्हणून तो पुरवायला पाणी जास्त. त्या बाईला अस्वच्छ म्हणणं अन्याय आहे. ती बाटली ज्या चुलीसाठी आणि ज्या नळासाठी बनली होती, ते दोन्ही तिच्या घरात नव्हते.

हे जगभर घडलं होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीची दुधाची बाटली निघाली. बाळ एकटंच पडून पिऊ शकतं म्हणून ती आयांना सोयीची वाटली. नळी आतून घासता येत नसे. पोरं मरू लागली, डॉक्टर ओरडू लागले, तरी ती विकली जात राहिली. शेवटी १९१० साली फ्रान्सने कायदा करून नळीच्या बाटल्यांवर बंदी घातली. पुढे पावडरचं दूध गरीब देशांत पोचलं आणि तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. भारताने १९९२ साली कायदाच केला. तो १९९३च्या ऑगस्टपासून लागू आहे आणि त्याने बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि दुधाच्या बाटलीचीही जाहिरात करायला बंदी घातली. बाटलीची जाहिरात कायद्याने बंद आहे हे आजच्या तरुण आईबापांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं, कारण त्यामागे किती बाळं आहेत ते आम्ही पाहिलं आहे.

याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. एका आईचं जास्तीचं दूध दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला मिळावं ही कल्पना. ते दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांची मोहीम काढली, तिच्या दहा सूत्रांत एक होतं: स्तनपान घेणाऱ्या बाळाला बाटली आणि चोखणी देऊ नका. मग पाजायचं कशाने? वाटी-चमच्याने. नवजात बाळांच्या विभागांत दीड-दोन किलोची बाळं वाटी-चमच्याने दूध पितात, हे पाहिलेल्या माणसाला बाटलीवाचून बाळ उपाशी राहील ही भीती उरत नाही.

लेकीला मी म्हटलं, “बाटली घरी ठेव. वाटी-चमचा घेऊ, आणि आजीचं बोंडलं घेऊ.” ती म्हणाली, “आई, तिला रात्री बाटलीची सवय आहे. चमच्याने रात्री दोन वाजता कोण पाजणार? आणि शेजारच्या खोलीत तिच्या सासूबाई झोपलेल्या.” तिचंही चूक नव्हतं. सवय लागलेलं बाळ रडतं, आणि नोकरी करणाऱ्या आईची झोप हीदेखील एक गरज आहे. शेवटी ठरलं की दिवसा बोंडलं आणि वाटी, रात्री बाटली, आणि अंगावरचं दूध जेव्हा मिळेल तेव्हा.

हे बोंडलं चांदीचं आहे, माझ्या धाकट्या भावाच्या बारशाला आत्याने दिलेलं. उघडं पसरट पोट, एका बाजूला चोच. आत बोट जातं, नखापर्यंत सगळं दिसतं, लपायला एकही जागा नाही. माझी आई हे बोंडलं घेऊन कोकण बोटीने मालवणला गेली होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, त्याआधी दक्षिण कोकणातल्या माणसाला गावी जायचं तर एसटीचा घाट नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोट. भावाच्या वेळी आईला टायफॉइड झाला होता, दूध आटलं होतं. डेकवर सतरंजी पसरून ट्रंका उशाला लावलेल्या, आजूबाजूला बोट लागून आडवी झालेली माणसं, आणि मांडीवर तीन महिन्यांचं पोर. दूध गाईचं, आटवून नेलेलं. आईने बोटीवर चढल्याबरोबर पहिली ओळख केली ती भंडाऱ्याची, म्हणजे बोटीच्या स्वयंपाक्याची. तो राजापूरकडचा निघाला. “बाय, पोराचं भांडं घेऊन ये, आधणातनं काढून देतो,” असं त्याने सांगितलं आणि दरवेळी खरोखरच दिलं. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरायचं. आई पडावात उतरली तेव्हा पोर ठणठणीत होतं, आणि हे ती पुढे आयुष्यभर सांगायची तेव्हा भंडाऱ्याचं नाव पहिलं घ्यायची.

बोंडल्याबद्दल एक गोष्ट मात्र जपून सांगायला हवी. जुन्या बायका बाळाला पायावर आडवं घेऊन, कधी नाक दाबून, बोंडल्यातलं दूध घशात ओतायच्या. ते धोक्याचं आहे. दूध फुप्फुसात जातं. बाळाला मांडीवर अर्धवट बसवायचं, मान आधाराने धरायची, बोंडल्याची चोच किंवा वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि थांबायचं. बाळ जीभ पुढे काढून स्वतः घेतं. आपण ओतायचं नाही. वेळ लागतो, थोडं सांडतं, गळपट्टी ओली होते. पण पाजणाऱ्याला बाळाच्या तोंडाकडे बघत बसावंच लागतं, आणि मला ते या भांड्याचं मोठेपण वाटतं.

बोट बॅलार्ड पिअरवरून निघाली. मोठी, झगझगीत, खालपासून वरपर्यंत लिफ्ट. खोलीत न्हाणीघर छोटं, संडासाला लागून बेसिन. त्याच बेसिनमध्ये सगळे दात घासणार, हात धुणार. बाटली तिथे थेट ठेवून धुवायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. घरून एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा नेला होता, फक्त बाळाच्या भांड्यांसाठी. दुसरं काही त्यात घालायचं नाही. बाटलीचा ब्रश, निपलचा बारीक ब्रश, साबणाची छोटी बाटली, आणि क्लोरीनच्या गोळ्या. या गोळ्या परदेशी आयांना जुन्या परिचयाच्या आहेत, आपल्याकडे औषधाच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. गार पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी विरघळवायची, घासून धुतलेली बाटली सगळ्या भागांसकट पूर्ण बुडवायची, निदान अर्धा तास ठेवायची, आणि ते पाणी २४ तासांनी फेकून नवं करायचं. चूल लागत नाही. पण त्यात धातू घालायचा नाही, चांदी आणि स्टील खराब होतात. म्हणजे बोंडल्याला आणि वाटीला उकळतं पाणी हवंच.

पहिल्या रात्रीपुरत्या बाटल्या घरूनच उकळून, पूर्ण वाळवून, झाकणं लावून नेल्या होत्या. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे जरूर करावं. लहान प्रवासात यानेच निम्मं काम होतं. खोली आवरायला येणारा मुलगा देवगडकडचा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “मावशी, बाहेरची भांडी किचनमध्ये घेत नाहीत, तो नियमच आहे. पण पाणी मी आणतो.” त्याने स्टीलच्या थर्मासमध्ये वाफाळतं पाणी आणून दिलं, सकाळ-संध्याकाळ. मी त्याला आईच्या भंडाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याच्या आजीनेही त्या बोटीने प्रवास केला होता.

पावडरच्या दुधाचं पाणी किती गरम हवं, याबद्दल घराघरांत चुकीचं ऐकायला मिळतं. कोमट पाण्यात कालवा, असं सांगतात. पावडर निर्जंतुक नसते. सीलबंद डब्यातल्या पावडरीतही क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू क्वचित सापडतो, आणि तो तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की पाणी ७० अंशांपेक्षा थंड नको, म्हणजे उकळून अर्ध्या तासाच्या आतलं हवं. त्यात पावडर कालवायची, मग बाटली गार पाण्याखाली धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, आणि दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. बोटीवरच्या चहाच्या टेबलावरचं पाणी इतकं गरम असेलच असं नाही, आणि त्या नळाला शेकडो हात लागलेले असतात. थर्मासमधलं पाणीही ताजं भरलेलं असेल तरच कामाचं, दोन तासांपूर्वीचं नको.

हातांचं तर फारच महत्त्व. जहाजावर पोटाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस म्हणून एक विषाणू आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली आलेल्या साथीवरून त्याला नाव पडलं. बंद जागा, एकत्र जेवण, तेच कठडे आणि तीच लिफ्टची बटणं, म्हणून जहाज त्याला मानवतं. दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी हाच उपाय. व्याह्यांनी नातीला घ्यायच्या आधी दरवेळी हात साबणाने धुतले, कुणी सांगायच्या आधी. त्या गोष्टीने मला फार बरं वाटलं.

बोटीवर असताना एक गोष्ट मला सारखी टोचत होती. प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेचे नियम कडक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची जहाजांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका १९६७ पासून आहे. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची १९७५ पासून तपासणी होते, शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा त्याहून कमी पडले तर नापास. समुद्राच्या पाण्यापासून बनवलेल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती असावं, बंदराच्या घाण पाण्यापासून पिण्याचं पाणी बनवू नये, हेसुद्धा लिहिलेलं आहे. भांडी धुण्याच्या यंत्रात शेवटचं पाणी ८२ अंशांचं असावं असा नियम आहे. म्हणजे माझी जेवणाची ताटली ८२ अंशांच्या पाण्यातून निघाली असणार, आणि बोटीवरच्या सगळ्यांत नाजूक माणसाची बाटली संडासाशेजारच्या बेसिनजवळ एक आजी डब्यात धूत होती. स्वयंपाकघर बाहेरचं भांडं आत घेत नाही, तेही संसर्ग टाळायलाच, हे मला कळतं. पण मग बाळाच्या भांड्यांसाठी वेगळी जागा हवी. एक छोटी खोली, स्टीलचं बेसिन, वाफेचं यंत्र, आणि त्यावर लक्ष ठेवणारं एक माणूस. हजारभर प्रवाशांच्या बोटीला हे जड नाही.

आपण हिरकणीची गोष्ट मुलांना सांगतो. रायगडाचे दरवाजे मिटले आणि बाळ खाली घरात, म्हणून ती अंधारात कडा उतरली. तिच्या नावाने एसटीच्या स्थानकांवर कक्ष झाले, फार चांगलं झालं. पण २०२३च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदार सरोज अहिरे आपलं तान्हं बाळ घेऊन विधान भवनात आल्या आणि तिथल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांना करावी लागली. राज्याच्या विधिमंडळात ही गत, तर मुलुंड स्टेशनवर किंवा बोटीच्या टर्मिनलवर काय अपेक्षा करायची? कक्षाला पाटी लावून भागत नाही. तिथे नळ, साबण आणि उकळतं पाणी हवं. बाळाला पाजायला आडोसा लागतो हे आता निदान मान्य झालं आहे. पाजायचं भांडं धुवायला सोय लागते हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

वाचकांत कुणी तान्हं बाळ घेऊन बोटीने जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. किती महिन्यांपुढच्या बाळाला घेतात ते आधी बघा, कारण सहा महिन्यांखालच्या बाळांना अनेक जहाजांवर घेत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून विचारा: ताजं उकळतं पाणी खोलीत मिळेल का, रात्री दोन वाजता मिळेल का, बाळाची भांडी निर्जंतुक करायची सोय आहे का. हे सगळ्यांनी विचारलं तर सोय होईल, कुणीच विचारलं नाही तर कधीच होणार नाही. आणि उत्तर “बघू” असं आलं, तर बाटली घरी ठेवा आणि एक वाटी, एक चमचा सोबत घ्या.